आधी भिंत, मग काच

दापोली तालुक्यातल्या एका कलाशिक्षिकेचा प्रश्न असा आहे: सातवीच्या मुलांकडून काळं कार्डशीट आणि जिलेटीन कागद वापरून गॉथिक खिडक्या करून घेतल्या. खिडक्या देखण्या झाल्या, पालकांनी फोटो काढले. आठवड्याने ‘गॉथिक म्हणजे काय?’ विचारलं, तर अख्ख्या वर्गाचं एकच उत्तर आलं, ‘रंगीत काच’. मग उपक्रमात काय राहिलं? पुढच्या वेळी तो कसा घ्यावा? आणि मुलांना जवळपास बघायला काय आहे?

मॅडम, मुलांनी पाहिलं तेच सांगितलं. त्यांच्यापुढे काच होती, भिंत नव्हती. गॉथिक ही मध्ययुगातल्या युरोपातली, मुख्यतः चर्च बांधण्याची शैली, आणि तिचं खरं धाडस दगडात आहे. छपराचा भार भिंतीवरून काढून मोजक्या खांबांवर आणि बाहेरच्या टेकूंवर नेला, तेव्हा मधली भिंत रिकामी झाली आणि त्या रिकाम्या जागेत काच बसली. हे मुलांना आधी अंगानं कळायला हवं. मी रत्नागिरी जिल्ह्यात अठ्ठावीस वर्षं चित्रकला शिकवली आणि त्यातली पंधरा-सोळा वर्षं हा उपक्रम दर हिवाळ्यात घेतला. पहिले दोन-तीन तास मी रंगाला हात लावू देत नाही. मुलं कुरकुरतात, पण पुढे जे हाती लागतं ते त्या तासांमुळेच.

सुरुवात त्यांच्या घरापासून करा. आदल्या दिवशी एवढंच सांगा: घरातली सगळ्यात जाड भिंत शोधा, खिडकीच्या चौकटीत पट्टी धरून तिची जाडी मोजा, आणि सगळ्यात काळोखी खोली कोणती ते लिहून आणा. सिमेंटच्या घरातली मुलं सहा किंवा नऊ इंच लिहून आणतात. पण प्रत्येक वर्गात चार-पाच जणांचं जुनं घर असतंच, आणि त्यांचा आकडा दीड फूट, पावणेदोन फूट असा येतो. जांभ्याचे चिरे, वर मातीचा गिलावा आणि खिडकी एवढीशी. काळोखी खोली तर ठरलेली, माजघर. मग विचारायचं, एवढ्या जाड भिंतीला मोठी खिडकी का नाही पाडली? कुणीतरी म्हणतंच, ‘सर, भिंत पडेल ना!’ ते वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि उपक्रम संपेपर्यंत पुसू नका.

युरोपात गॉथिकच्या आधी ज्या इमारती होत्या, त्यांना रोमनेस्क म्हणतात. तिथे हीच अडचण होती, फक्त कितीतरी मोठी. आपल्याकडे वर वासे, रिपा आणि कौलं. त्यांच्या मोठ्या चर्चवर कमानी जोडून केलेलं दगडी छत असायचं. असं छत नुसतं खाली दाबत नाही, ते भिंतींना बाहेरही ढकलतं. म्हणून भिंती जाडजूड, खिडक्या लहान आणि आत काळोख.

इथेच काचेच्या कौलाचा विषय काढा. आमच्या जुन्या घरी माजघरावर एकच काचेचं कौल होतं. सकाळी त्यातून उन्हाची तिरीप उतरायची. चुलीचा धूर तिच्यात शिरला की ती हातात धरता येईल इतकी घट्ट दिसायची. खाली शेणानं सारवलेल्या जमिनीवर कवडसा पडायचा आणि जेवणाची वेळ होईपर्यंत जात्याकडून उतरंडीकडे सरकायचा. आजी त्यावरून वेळ सांगायची. हे ऐकलं की मुलं आपापल्या घरचं, आजोळचं, देवळाचं काचेचं कौल सांगायला लागतात. त्यांना बोलू द्या. मग विचारा, सगळं माजघर त्या कवडशानं भरायचं असेल तर काय करावं लागेल?

पॅरिसच्या उत्तरेला सें दनी नावाचा मठ होता. तिथल्या सुजेर या मठाधिपतीला आपल्या चर्चमध्ये हाच उजेड हवा होता. डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडातून मन देवाकडे जातं, अशी त्याची श्रद्धा होती. त्याने बांधून घेतलेला नवा भाग ११ जून ११४४ रोजी अर्पण झाला आणि गॉथिकची सुरुवात सहसा तिथून धरतात. त्या काळच्या लोकांनी त्याला गॉथिक म्हटलेलं नाही. ते नाव पुढे सोळाव्या शतकातल्या इटलीत हिणवण्यासाठी वापरलं गेलं आणि चिकटलं. मुलांना हे दोन वाक्यांत सांगून पुढे चला.

दुसरा तास पडवीत घ्या, गुळगुळीत फरशीवर, मोजे घालून. दोघांना समोरासमोर उभं करा. हात डोक्याच्या वर नेऊन तळव्याला तळवा लावायचा आणि पाय हळूहळू मागे न्यायचे. झाली कमान. आता तिसऱ्याने जुळलेल्या हातांवर अलगद भार द्यायचा. भार देताच दोघांचे पाय मागे सरकतात. ‘कुठे ढकललं गेल्यासारखं वाटलं?’ असं लगेच विचारा, तो अनुभव ताजा असतानाच. मुलं खाली म्हणत नाहीत, ‘मागे’ म्हणतात. मग प्रत्येकाच्या मागे एकेकाला टाचांशी पाठ लावून बसवा आणि पुन्हा भार द्या. आता कमान हलत नाही. मागे बसलेला तो टेकू. हाच टेकू भिंतीपासून दूर उभा केला आणि मधल्या मोकळ्या जागेवरून कमान टाकून भिंतीला भिडवला, की तो फ्लाइंग बट्रेस. टेकू बाहेर गेल्यामुळे खिडकीपुढची जागा मोकळी राहते आणि ऊन अडत नाही. आपल्याकडे कललेल्या केळीला किंवा वाकलेल्या गडग्याला टेकू देतात ते मुलांनी पाहिलेलं असतं. त्यांना नवी असते ती फक्त मधली मोकळी जागा.

एकदा दोघं टेकू एकदम उठले आणि कमानीतला मुलगा गुडघ्यावर पडला. तेव्हापासून मी खाली सतरंजी घालतो आणि भार देणाऱ्याचा हात स्वतः धरतो. तुम्हीही तसंच करा.

हे झाल्यावर बोव्हेचं सांगा. फ्रान्समधल्या बोव्हेच्या कॅथेड्रलमध्ये, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमध्ये, गायकवृंदाच्या जागेवरचं छत ४८ मीटर उंच नेलं. १२७२ मध्ये ते पुरं झालं आणि १२८४ मध्ये त्याचा काही भाग कोसळला. ‘सर, मागे बसलेला उठला वाटतं!’ असं एका वर्षी एक मुलगा म्हणाला. नेमकं कारण काय यावर अभ्यासक अजून वाद घालतात, पण त्याच्या डोक्यात भार कुठून कुठे जातो ते पक्कं बसलं होतं.

आता कंपास. हा भाग गणिताच्या शिक्षकांना सोबत घेऊन केलात तर फार छान होतो. कागदावर २० सेंटिमीटरची आडवी रेघ काढायची. तिच्या मध्यावर कंपासचं टोक ठेवून अर्धवर्तुळ काढलं तर कमानीची उंची १० सेंटिमीटर. ती बदलताच येत नाही, रुंदी ठरली की उंची ठरली. आता त्याच रेघेच्या दोन्ही टोकांवर आळीपाळीने टोक ठेवायचं, कंपास पूर्ण २० सेंटिमीटर उघडायचा आणि दोन चाप काढायचे. ते वर जिथे भेटतात ती टोकदार कमान, उंची १७.३ सेंटिमीटर. आत समभुज त्रिकोण आहे हे मुलांना आपोआप दिसतं. टोक आणखी बाहेर ठेवलं की कमान आणखी उंच. म्हणजे एकाच उंचीच्या पण वेगवेगळ्या रुंदीच्या कमानी शेजारी शेजारी करता येतात, आणि उभट कमान बाहेर कमी ढकलते. टोकदार कमान गॉथिक कारागिरांच्या आधीपासून होती. त्यांनी ती बरगड्यांच्या छताशी आणि बाहेरच्या टेकूंशी जोडली.

बरगड्यांचं छत समजावायला तुम्हाला लांब जायची गरज नाही. हर्णैला मुलांना घेऊन जा आणि बांधकामाला घेतलेली लाकडी नौका दाखवा. फळ्या बसवायच्या आधी नुसता सांगाडा असतो तेव्हा गेलात तर उत्तम. आधी बरगड्या उभ्या राहतात आणि मग त्यांच्यावर फळ्या चढतात. आता ती नौका मनात उलटी करायची. गॉथिक छत हे असं आहे: आधी दगडी बरगड्यांच्या कमानी, मग त्यांच्यामध्ये भरलेला पातळ दगड. चर्चच्या मधल्या लांबट दालनाला इंग्रजीत नेव्ह म्हणतात. तो शब्द लॅटिन नाविस, म्हणजे जहाज, यावरून आला. कोळीवाड्यातली मुलं हे ऐकून ताठ बसतात. या एका तासापुरती तरी ती वर्गातली जाणकार असतात आणि बाकीचे त्यांना प्रश्न विचारतात.

मग एखादा मोठा फोटो दाखवा. पॅरिसचं सेंट शापेल, १२४८ मध्ये अर्पण झालेलं. पंधरा खिडक्या, सुमारे १५ मीटर उंच, त्यांत १११३ प्रसंग. भिंत जवळजवळ उरलेलीच नाही. (तिथे फ्लाइंग बट्रेस नाहीत. जाड खांबांसारखे टेकू आणि दगडात लपवलेल्या लोखंडी पट्ट्या ते काम करतात. हुशार मुलं हे विचारतात, म्हणून लिहितोय.) आता फळ्याच्या कोपऱ्यातलं ‘भिंत पडेल ना!’ पुन्हा वाचायला सांगा. मी इथे काही बोलत नाही. मुलंच बोलतात.

यानंतर काच, आणि तिच्यासाठी घाई करू नका. काच वाळूची होते हे सातवीतल्या बऱ्याच मुलांना खरंच वाटत नाही. कणकवली तालुक्यात कासार्डे भागात सिलिका वाळूच्या खाणी आहेत हे सांगितलं की त्यांना ते आपल्या जिल्ह्याशेजारचं वाटतं. मध्ययुगातले कारागीर वाळूत लाकडाची राख मिसळत, म्हणजे वाळू कमी उष्णतेत वितळे. वितळत्या काचेत कोबाल्ट टाकला की निळा रंग, तांब्याने लाल, मँगनीजने जांभळट. तांब्याच्या लाल काचेची एक गंमत आहे. ती नेहमीच्या जाडीची केली तर जवळजवळ काळी दिसते. म्हणून साध्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवत. हे वर्गात लगेच दाखवता येतं. लाल जिलेटीनचा एक थर उन्हात धरा, मग चार थर धरा.

काच कापायला तेव्हा हिरा नव्हता. आपला फोटोफ्रेमवाला काच हिऱ्याने कापतो. तेव्हा तापवलेल्या लोखंडाने काचेला तडा पाडत आणि मग खाचेच्या लोखंडी हत्याराने कडा कुरतडून आकार देत. पांढऱ्या रंगाने रंगवलेल्या टेबलावर पूर्ण आकाराचं चित्र काढत आणि तुकडे त्यावर मांडत. नाक, डोळे, कपड्यांच्या चुण्या काचेवर काळपट रंगाने रंगवून भट्टीत भाजत. तुकड्यांभोवती शिशाच्या पट्ट्या बसवत. त्या पट्टीचा छेद इंग्रजी एच अक्षरासारखा असतो, दोन्ही खोबणींत काच बसते. सांध्यांना डाख द्यायचा आणि वाऱ्याच्या जोरासाठी मागे लोखंडी सळया. काळी रेघ म्हणजे चित्राची बाह्यरेषा असं मुलांना वाटतं. ती रेघ काच धरून ठेवते, हे पुढच्या कामात त्यांना कळायला हवं.

आता प्रत्यक्ष उपक्रम. पाच-सहा मुलांत एक खिडकी द्या. प्रत्येकाची वेगळी खिडकी केली की ती लहान होते आणि घाईत उरकली जाते. चौकट ६० सेंटिमीटर उंच तरी हवी. कमान त्यांनीच काढलेली, कंपास पुरत नसेल तर दोरी आणि खडूने.

विषय कोणता, हा तुमचा खरा निर्णय. कमळ, मोर, सूर्य असं दिलंत तर सगळे मोबाईलवरचं चित्र उतरवतात. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलकडून मी विषय घेतला. ते चर्च ११९४ च्या आगीत बरंचसं जळलं आणि नंतर नव्याने उभं राहिलं. तिथल्या काचा अजून बऱ्याच मूळच्या आहेत. त्या खिडक्यांत संतांच्या कथांच्या खाली पाव भाजणारे, चांभार, सुतार, दगड घडवणारे, कातडी कमावणारे असे गावातले कामकरी दिसतात. म्हणून मी सांगतो, तुमच्या घरात जे काम चालतं ते खिडकीत आणा. झेल्याने आंबा उतरवणारे काका, रापण ओढणारी माणसं, चिऱ्याच्या खाणीवरचा कामगार, काजूच्या बिया फोडणाऱ्या बाया, लावणीतली आई. आठशे वर्षांपूर्वीचा पाववाला आणि आपली आई एकाच प्रकारच्या खिडकीत बसते हे मुलांना फार आवडतं. मलाही या उपक्रमात सगळ्यात जास्त तेच आवडतं.

एका वर्षी एका मुलीने पापलेट काढलं होतं, तिची आई मासे विकायची. आकार सुरेख, वर एक मोठा गोल डोळा. मी कटरने आतले भाग कापले आणि कार्डशीट उचललं, तर डोळा टेबलावर राहिला. ती बराच वेळ त्या काळ्या चकतीकडे बघत होती. मी काही सुचवलं नाही. मग तिने कल्ल्याची रेघ वाढवून डोळ्यापर्यंत आणली आणि दुसऱ्या बाजूने डोक्याच्या कडेपर्यंत एक पट्टी नेली. डोळा दोन्हीकडून धरला गेला, आणि मासाही अधिक मासा दिसायला लागला. शिसं म्हणजे काय हे त्या वर्गाला मला सांगावं लागलं नाही. म्हणून पहिल्या आराखड्यातल्या सुटणाऱ्या जागा तुम्हाला आधीच दिसल्या तरी दुरुस्त करून देऊ नका. एकदा पडू दे. कटर मात्र तुमच्याच हातात असू द्या, आणि खऱ्या काचेचे तुकडे सातवीच्या वर्गात आणूच नका.

साहित्याबद्दल आपल्या हवेतला अनुभव सांगतो. जिलेटीन कागदाला ओला गोंद लावला की तो आक्रसतो आणि सुरकुत्या पडतात, म्हणून तो मागून सेलोटेपनेच लावा. पतंगी कागद खळीने छान बसतो, पण पावसाळ्यात खळीला बुरशी येते आणि झुरळं कडा खातात. जून ते सप्टेंबर हा उपक्रम घेऊच नका. ऊन नसेल तर अर्धा विषयच गेला. नाकडोळे आणि चुण्या काढायला पर्मनंट मार्कर लागतो, साधं स्केचपेन जिलेटीनवरून पुसलं जातं. रंग चारच द्या: लाल, निळा, पिवळा, हिरवा. बाकीचे थरावर थर देऊन मुलांनी शोधायचे. आणि काही खण बिनरंगाचे ठेवायला लावा, नाहीतर वर्ग पुन्हा माजघर होतो.

‘हा आकाशकंदील झाला ना?’ असं मुलं म्हणतात आणि ती तुलना फार चांगली आहे. काड्यांचा सांगाडा, वर रंगीत कागद, दोन्हीकडे तेच. पण कंदिलात दिवा आत असतो आणि बघणारा बाहेर अंगणात. खिडकीत दिवा म्हणजे सूर्य, तो बाहेर, आणि बघणारा आत. म्हणून चर्चच्या काचा बाहेरून काळ्या, मळकट दिसतात. मुलांना त्यांची खिडकी आधी बाहेरच्या बाजूने दाखवा, मग आत आणा. तो क्षण चुकवू नका.

टांगण्यासाठी दक्षिणेची खिडकी निवडा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि भर दुपारीही ऊन आत येतं. बाकीच्या खिडक्यांना काळं कापड किंवा वर्तमानपत्र लावा. जमिनीवर जे रंग पडतात त्यांची कड खडूने आखा, वेळ लिहा आणि दर पंधरा मिनिटांनी पुन्हा आखा. दोन तासांत फरशीवर खिडक्यांची एक रांग तयार होते. भूगोलाच्या सरांना बोलवा, पुढचं ते सांगतील. आमच्या वर्गात एक मुलगा त्या निळ्या कवडशात तळहात धरून पूर्ण मधली सुट्टी बसला होता. त्याला मी हाक मारली नाही.

एखादा पालक विचारतो, हे चर्चचं कशाला? मी सरळ सांगतो, या इमारती चर्चसाठीच बांधल्या गेल्या आणि मुलांनाही मी तेच सांगतो. आपण मुलांना कैलास लेणं दाखवताना ते मंदिर आहे हे लपवत नाही. भार आणि उजेड यांचं शहाणपण कुणाचंही असो, ते मुलांना शिकायला मिळालं पाहिजे. यावर मला आजवर कुणी पुढे काही म्हटलेलं नाही.

जवळ बघायला काय आहे, हेही विचारलंत. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सगळ्यात सोपं, कारण कोकणातली बरीच मुलं कधी ना कधी तिथे उतरतातच. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने आखलेली ही इमारत १८७८ पासून दहा वर्षांत उभी राहिली आणि २००४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आली. तिकीटघराच्या दालनात मान वर केली की बरगड्यांचं छत दिसतं, आणि रंगीत काचाही. पण ती एकोणिसाव्या शतकातली आहे, गॉथिकची नव्याने केलेली आठवण, शिवाय तिच्यात भारतीय घडणही मिसळलेली आहे. शिल्पकामात जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे, हे मुलांना जरूर सांगा. खऱ्या मध्ययुगीन इमारतीसाठी पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचे फोटो वापरा. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत तिचं लाकडी छप्पर जळून गेलं, पण खालचं दगडी बरगड्यांचं छत बरंचसं टिकलं आणि तिन्ही मोठ्या गोल खिडक्या वाचल्या. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा उघडली. मुलांनी त्याचे व्हिडिओ पाहिलेले असतात. आता बघताना त्यांची नजर ज्वाळांवर न राहता छताकडे जाते.

शेवटी गुणांचं. सुबकपणाला मी थोडेच गुण ठेवतो, कारण चांगली कात्री आणि मोठी बहीण घरी असेल तर सुबकपणा येतोच. प्रत्येक गटाला खिडकीसमोर उभं करतो, पेन्सिलचं टोक एका काळ्या पट्टीवर ठेवतो आणि विचारतो, ‘ही काढली तर काय काय पडेल?’ मग त्याच गटाला फळ्यावरच्या चर्चच्या आडव्या छेदाशी नेतो, बाहेरच्या टेकूवर पेन्सिल ठेवतो आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतो. त्यांचं बोलून होईपर्यंत गुणांची वही मिटलेलीच ठेवतो.